आयलीनच्या घरचं मेडल

"काकू, सर्टिफिकेट साइन करून टाका ना. शनिवारी त्यांचं फंक्शन आहे," संदीप म्हणाला.

संदीप माझा बॉस. मूळचा नागपूरचा, वयाने माझ्या मुलाएवढा. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात जुन्या वस्तूंची पारख करून देणारं त्याचं ऑफिस आहे. मी मोटारींच्या कंपनीत मेटलर्जिस्ट होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून इथे धातू तपासते.

समोर आयलीन बसली होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ. टेबलावर तिचं चांदीचं आयरिश मेडल. आजोबा आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढले आणि त्यांना ते मिळालं, असं घरात सगळे सांगत आले होते. शनिवारी इथल्या आयरिश हॉलमध्ये आजोबांच्या फोटोखाली ते कायमचं लागणार होतं. भाषण आयलीन करणार होती.

"साइन नाही करणार," मी म्हणाले. "हे लढाईचं मेडल नाही."

"काकू, क्लायंटसमोर काय हे?" संदीप पुटपुटला.

मला खात्री होती. त्या लढाईची सरकारी मेडल्स ब्राँझची, रिबनला लटकणारी. हे चांदीचं, वर नुसती कडी. मागची बाजू गुळगुळीत, नाव-गाव काही नाही.

"हे पॉलिश कोण करतं?" मी आयलीनला विचारलं.

"दर सेंट पॅट्रिक्स डेला, परेडच्या आधी. पूर्वी वडील करायचे, आता मी," ती अभिमानाने म्हणाली.

घ्या! आपल्याकडेही दिवाळीला चांदीची भांडी घासून घासून वरची नावं घालवतातच. पण कडीच्या आड फडकं पोचत नाही, हे भांडी घासणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. कडी बाजूला सारून मी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. हॉलमार्क होता, आपल्या सोन्यावर असतो तसा शुद्धतेचा शिक्का. त्यात बसलेली बाई म्हणजे डब्लिनला तपासल्याची खूण. शेजारचं अक्षर वर्ष सांगतं. ते तक्त्यात शोधलं.

"आजोबा अमेरिकेत कधी आले?"

तिने वर्ष सांगितलं. मेडल त्यानंतर घडवलेलं होतं.

"आणि आजी?"

"बऱ्याच उशिरा. लग्न इथेच झालं."

मग मी मेडलवर आडवा लाइट टाकला. कोरलेल्या रेघांच्या पुसट खुणा उमटल्या. नाव पार गेलं होतं. दोन आयरिश शब्द उरले होते, ते आयलीननेच वाचून अर्थ सांगितला.

"मुलींचा नाच." म्हणजे नाचाच्या स्पर्धेत आजीने जिंकलेलं बक्षीस! आयलीन भडकली. "आजी आणि नाच? ती तर लग्नांतसुद्धा कोपऱ्यात सगळ्यांचे कोट सांभाळत बसायची!"

मग तिचा आवाज खाली आला. "आम्ही आजोबांचं म्हणून मेडल घासायचो, तेव्हा ती तिथेच असायची. काही बोलली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही."

संदीपने जपून विचारलं, "मॅडम, मग फंक्शन कॅन्सल करायचं का?"

"अजिबात नाही," आयलीन म्हणाली. "फोटो बदलायचा."

शनिवारी आजीचा फोटो लागला. आयलीनने भाषणात आजोबांचा उल्लेखही केला नाही. ते जरा अतीच झालं, पण मी टाळ्या वाजवल्या.

हल्ली कुणी वारशातलं मेडल आणलं, की मायक्रोस्कोप सुरू करण्याआधी मी विचारते, "तुमची आजी काय करायची?" बहुतेकांना सांगता येत नाही.