स्लॅबखाली न झोपणारी आई

आईला लेणी दाखवायला नेलं ते हौस म्हणून नाही. मला तिच्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्यायची होती. आम्ही नवराबायकोनं धाराशिवात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता आणि आई तिथं राहायला यायला तयार नव्हती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, तिचे गुडघे गेले होते, तरी लोहाऱ्याच्या पलीकडच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये एकटीच राहायची. माझ्याकडे यायची, दुपारी जेवायची आणि दिवस कलायच्या आत परतीच्या जीपला बसायची. कारण एकच सांगायची, डोक्यावर स्लॅब असला की झोप येत नाही.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी जन्मले नव्हते. आमचं माळवदाचं घर होतं, दगडमातीच्या जाड भिंतींचं आणि वर मातीच्या जड छताचं. ते एका रात्रीत बसलं आणि त्यात माझी सहा वर्षांची बहीण गेली. आईचं मूल न होण्याचं ऑपरेशन तेव्हा होऊन गेलेलं. अशा बायकांच्या नळ्या डॉक्टरांनी पुन्हा जोडून दिल्या, आणि दोन-अडीच वर्षांनी मी झाले. नाव बहिणीचंच ठेवलं. आमच्याकडं तेव्हा बऱ्याच घरांत असं झालं, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मला विचारतो कोण. शाळेत हजेरी द्यायला उभी राहिले की वाटायचं, आपण दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर येऊन बसलोय.

सरकारनं बांधून दिलेल्या पक्क्या घरात आम्ही ज्वारीची पोती ठेवायचो आणि स्वतः अंगणात झोपायचो. हिवाळ्यात दोन गोधड्या, पावसाळ्यात पत्र्याचा आडोसा. मला एकदा विंचू चावला, तरी आईनं बिछाना आत नेला नाही. वर्गातल्या मुली हसायच्या. मी मनाची समजूत घालायची, आईला माझी काळजी आहे, म्हणून ती मला छताखाली जाऊ देत नाही. नाव उसनं असलं तरी ही भीती तरी माझ्या वाट्याची आहे, असं मला वाटायचं. त्यावर मी लहानाची मोठी झाले.

मी शिक्षिका आहे. माणसाला नीट समजावलं की त्याला पटतं, हा आमच्या धंद्याचा गैरसमज. मी ठरवलं, एवढा डोंगर डोक्यावर घेऊन माणसं शेकडो वर्षं राहिली, झोपली, हे तिनं डोळ्यांनी बघितलं की बोटभर स्लॅबचं काय घेऊन बसायचं. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी तिला रिक्षात घातलं.

वाळवंट मी कधी पाहिलेलं नाही, पण उन्हाळ्यात आमचे डोंगर त्याहून फार वेगळे नसावेत. जळका माळ, सुटे धोंडे, पायाला टोचणारी कुसळं आणि सावली म्हणाल तर औषधाला नाही. आई गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी उतरत होती. मध्येच थांबून म्हणाली, "हितं शेरडंसुदिक येत न्हाईत, अन् तू मला फिराया आणलीस." मी हसले नाही. मी मनात धडा जुळवत होते.

मोठ्या लेण्यात शिरलो. आत गार होतं, वटवाघळांचा वास होता. मधे जाड खांब आणि भोवतीनं साधूंना राहायला कोरलेल्या लहान लहान खोल्या. मला वाटलं होतं, ती दाराशीच थबकेल, मग मी हात धरून तिला आत नेईन. ती माझ्या आधीच एका खोलीत गेली, भिंतीला टेकून बसली आणि पाय पसरून म्हणाली, "बरं गार हाय."

मला जिंकल्यासारखं झालं. म्हटलं, "बघ, सगळा डोंगर वर आहे. वाटली भीती?"

"कशाची?"

"दगडाची. छताची."

"मला दगडाची भीती कवा व्हती?" ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते मी तीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं. "त्या राती म्हस व्यायला झालती, म्हणून म्या गोठ्यापाशी पथारी टाकली. थोरली गणपतीचं इसर्जन बघून आली. म्हणली, आये, तुझ्यापाशी झोपते. तिला लई खोकला व्हता. म्या म्हणलं, हितं दव लागंल, आत जा. ती जाईना, तर हाताला धरून आत निजवून आले."

मी विचारलं, "आणि मला बाहेर का झोपवलंस?"

"आत जा म्हणाया जीभ उचलंना."

म्हणजे माझ्यासाठी काही नव्हतंच. थंडी माझी, विंचू माझा, आणि ज्या भीतीवर मी मोठी झाले तीही तिचीच निघाली. मला रडू आलं नाही, संताप आला. म्हटलं, "तिच्यापायी मी सगळं लहानपण उघड्यावर काढलं. आता तू माझ्यासाठी एक रात्र माझ्या घरात झोप. एकच."

आई रागावली नाही. वर्गात उशिरा कळणाऱ्या पोराला सांगावं तसं हळू म्हणाली, "तिला आत एकटीला ठिवून म्या तुझ्या पंख्याखाली कशी निजू? तू मोठी हाईस, तुला कळतंय. ती सहाच वर्षांची हाय."

बहिणीपुढं मी आयुष्यभर मोठीच राहणार, आणि लहान असण्याचा हक्क कायम तिचा. फ्लॅटचा विषय मी त्यानंतर काढला नाही. त्या दिवशी थोड्या वेळानं ऊन उतरलं, आणि मी तिच्या आईला उठवायला हात दिला.