हरणाबाईची मोजदाद

माझी सासू हरणाबाई. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो. सत्तरी ओलांडली, तरी त्या चालायला लागल्या की आम्हाला मागं पळावं लागतं. जन्म सगळा मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की माणदेशातून निघायचं, वाईवरून पसरणीचा घाट चढायचा, महाबळेश्वर ओलांडून आंबेनळीनं कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आत परत यायचं. अशा तीस-चाळीस खेपा तरी त्यांनी केल्या असतील. आता मेंढरं नाहीत. म्हसवडजवळ पाच एकर डाळिंब आहे, स्लॅबचं घर आहे, घरात दोन पंखे आहेत. पण आत्या झोपतात अंगणात. छताकडं बघत झोप लागत नाही म्हणे.

मी फलटणची. माझे वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते, कोण आला, कोण गेला, किती मिनिटं उशीर झाला, सगळं टिपून ठेवणारे. आमच्या घरी भाकरीसुद्धा मोजून व्हायच्या. आणि मी येऊन पडले अशा घरात, जिथं माणसं मोजतच नाहीत. मोजत नाहीत म्हणजे आकडा तोंडानं काढत नाहीत. मेंढरं किती, हे कुणी विचारलं तर ‘हायती द्येवाच्या दयेनं’. लेकरं किती, तर तेच. नजर लागते म्हणतात. माझे यजमान धनाजी एस.टी.त कंडक्टर आहेत. दिवसभर खणखणीत आवाजात माणसं मोजतात, पण घरी किती ताटं घेऊ विचारलं, तर बोटं दाखवायलाही घाबरतात. मी यावर पुष्कळ भांडून झालेय.

आत्यांची मोजदाद वेगळीच. त्यांच्या कमरेच्या चंचीत पान-सुपारीच्या शेजारी दोन कप्पे आहेत, आणि त्यात खडे. घरात मूल जन्मलं किंवा सून आली की त्या माणगंगेतून एक खडा आणतात. दिवेलागणीला उंबऱ्यापाशी बसायचं, एकेक माणूस नजरेस पडलं की एकेक खडा या कप्प्यातून त्या कप्प्यात टाकायचा. सगळे पलीकडं गेले की मगच त्या जेवायच्या. ह्यांची मुक्कामी गाडी असली की ह्यांचा खडा रात्रभर आत्यांच्या उशाखाली. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीला बोलावलं. मला वाटलं, अंगठी असेल. निघाला राखाडी खडा, मधून पांढरी रेघ. “ह्यो तुजा,” म्हणाल्या. मी तेव्हा रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले होते. आता कुणी अंगठीच्या बदल्यात मागितला तर देणार नाही.

मामंजी गेले, तेव्हा त्यांचा खडा आत्यांनी तिसऱ्या दिवशी नदीत सोडला. “गेल्याला धरून ठिवू नये,” एवढंच म्हणाल्या.

यंदा माझा मुलगा राजवर्धन अग्निवीर म्हणून निवडला गेला. जानेवारीत ट्रेनिंगला जायचा होता. आजीचा तो फार लाडका. त्यानं विचारलं, “आज्जे, मी जायच्या आदी तुला काय पायजे?” आम्हाला वाटलं, जेजुरीला चल म्हणतील. आत्या म्हणाल्या, “मला म्हाबळेसुराला न्ये. लाजिंगात ऱ्हायचं येक रात. समद्यांनी. कुनीबी भायेर ऱ्हायचं न्हाई.”

ज्या बाईला घरच्या स्लॅबखाली झोप येत नाही, तिला महाबळेश्वरच्या लॉजमध्ये राहायचंय! मी कारण विचारलं. त्यांनी चंचीची दोरी आवळली आणि विषय संपवला.

मग ह्यांनी फोनवर खोली ठरवली. समोरच्यानं विचारलं, किती जण? शेजारी आत्या बसलेल्या. ह्यांनी घाम पुसत सांगितलं, “घरचीच मानसं हायती.” समोरच्यानं एक फॅमिली रूम लिहून घेतली. घोडं पेंड खात होतं ते इथंच.

डिसेंबरातल्या शनिवारी आम्ही पोचलो. गावात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं स्ट्रॉबेरी आणि सेल्फी. हॉटेलच्या काउंटरवर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. छातीवर नावाची पट्टी, आकाराम. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वहीच्या रेघा पट्टीनं आखलेल्या. मला एकदम वडील आठवले. त्यांच्या डोक्यावर भला मोठा फलक: एका खोलीत चारच व्यक्ती. पाच वर्षांखालील मूल धरले जाणार नाही. खोलीत शेगडी पेटवू नये. टॉवेलने बूट पुसू नयेत.

आकारामांनी फलक पाहिला, आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा फलक पाहिला. “सर, आपलं बुकिंग एका खोलीचं आहे.”

“व्हय,” हे म्हणाले.

“आणि ही सगळी मंडळी?”

ह्यांनी आईकडं बघितलं आणि बॅगा नीट लावायला घेतल्या. माझे धाकटे दीर मल्हार जरा हुशार. त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, “वैनी, चौघं म्होरनं जाऊ, बाकीची मागच्या जिन्यानं.” हे आत्यांच्या कानावर गेलं. आत्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की बागेतले लोक वळून बघायला लागले. “म्या माजी मानसं चोरून न्यायाची? चोरीचं बकरू हाय का त्ये?” दीर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

माझी जाऊ विजयमाला तेवढ्यात पुढं झाली. “साहेब, आमची प्रांजल अजून पाचाची नाही. तिला धरू नका.” आकारामांनी चष्म्यावरून प्रांजलकडं पाहिलं. “बाळ, शाळेत जातेस का?” प्रांजल छाती काढून म्हणाली, “पहिलीत! तुकडी ब! आणि मला बाराचा पाढा येतो.” तिनं तो म्हणायलाही सुरुवात केली. बारा चोक अठ्ठेचाळीसपर्यंत कुणी तिला थांबवू शकलं नाही.

आकाराम हसले नाहीत, पण वहीचं पान उलटलं. “शेजारची खोली मगाशी रद्द झालीय. चार आणि चार. त्याच्यापुढं एकसुद्धा माणूस चालणार नाही. मागच्या महिन्यात एका खोलीत चौदा जण निघाले, मालकांनी माझी नोकरी घालवायची बाकी ठेवली होती. तेव्हा मला आकडा सांगा, लिहितो, आणि सह्या करा.”

आकडा! मी तोंड उघडलं होतं. आठ, एवढा साधा शब्द. पण आत्यांनी माझा दंड धरला.

“आकडा न्हाई सांगायचा, मंगल.”

“आवं आत्या, त्याशिवाय किल्ली नाही देणार ते.”

“बगू.” त्यांनी आम्हा सगळ्यांना दाराबाहेर काढलं. मग स्वतः दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि मेंढरं वाघराच्या जाळीतून सोडावीत तसं आम्हाला एकेक करून आत सोडायला लागल्या. पाठीवर थाप, हातात एक खडा, पुढं. हे गेले, मी गेले, राजवर्धन गेला, माझी मुलगी उत्कर्षा शरमेनं ओढणीत तोंड लपवून गेली, दीर, जाऊ, प्रांजल. काउंटरपाशी कुणीतरी मोबाइल काढून हे चित्रण करत होतं. माझे कान तापले. बारावी सायन्सची पोर माझी, तिला खोलीत जाईपर्यंत रडू कोसळणार हे मला दिसत होतं.

आत्यांनी आमच्या हातातले खडे परत घेतले, चंचीत उरलेले त्यात मिळवले आणि मूठ काउंटरवर रिकामी केली. “ही माजी मानसं. मोज तुजं तू. त्वांडानं म्हनू नगं.”

आकारामांनी पेनाच्या टोकानं खडे एकेक करून सरकवले. मग पुन्हा सरकवले. मग मान वर करून आमच्याकडं बघितलं, ओठ न हलवता. “आजी,” ते म्हणाले, “माणसांपेक्षा एक खडा जास्त आहे.”

मी पुढं होऊन बघितलं. माझा रेघेचा होता. आत्यांचा स्वतःचा तांबडा होता. राजवर्धनचा चपटा होता. त्यांच्यात एक होता काळा, बोराएवढा, हाताळून हाताळून तेल लावल्यागत गुळगुळीत झालेला. वीस वर्षं त्या चंचीशेजारी बसतेय मी, हा खडा मला कधी दिसला नव्हता.

“आत्या, चुकून आलाय हा,” मी तो उचलायला गेले.

“हात लावू नगं.” मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “चुकून न्हाई. बायडा हाय ती. धनाजीच्या आदीची.”

ह्यांनी आईकडं असं बघितलं, जणू अनोळखी बाई बोलतेय. आपल्याला एक मोठी बहीण होती, हे अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला एका हॉटेलच्या काउंटरवर कळत होतं.

आत्यांनी आकारामांकडं बघूनच सांगितलं, आमच्याकडं नाही. “कार्तिकात कवा न्हाई त्यो पाऊस लागला. ह्याच गावात. लेकरू तापलं हुतं. तवा म्या येका दारात ग्येले. म्हनलं, रातभर पडवीत ऱ्हातो. त्यांनी इचारलं, किती हायसा? म्या खुळी, खरं सांगितलं. सतरा म्हनलं. ‘सतरा मानसं कुटं मावत्यात?’ म्हनले, आन् दार लावलं. वाईट न्हवती मानसं. पडवीच ल्हान हुती. रातभर पावसात काडली. आंबेनळीच्या त्वांडाला दिस उगवला, तवा लेकरू गार हुतं.”

मोबाइलवाला मोबाइल खिशात ठेवून गेला.

“तवापास्नं आकडा नाय सांगितला कुनाला,” आत्या म्हणाल्या. “आकडा सांगितला की दार लागतं. माज्या मालकांचा खडा म्या सोडला नदीत. हिचा कसा सोडू? येक रात तरी छपराखाली निजवल्याबिगर कसा सोडू? म्हनून आले. आता ह्यो पोरगा बी चालला, मागारी येस्तवर म्या हाय का न्हाई. तुजी खोली बी ल्हानच हाय, मला ठावं हाय. ही येक जास्त हुती. तर मी ऱ्हाते भायेर वट्ट्यावर. मला सवं हाय. पन हिला आत घ्ये.”

वीस वर्षं मी ज्या गोष्टीला अडाणीपणा म्हणत आले, ती ही होती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. हे काउंटरला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

आकारामांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, बराच वेळ पुसला. ते सांगलीकडच्या कुंडलचे, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर ते सर-मॅडम करत छापील मराठी बोलत होते. ती त्यांनी चष्म्याबरोबर काढून ठेवली.

“आज्जी, क्येवडी हुती वो बायडा?”

“दीड वर्साची. नुकतंच पाऊल टाकाय लागली हुती.”

“मंग आसं काय करताय?” आकारामांनी मागं न बघता हात वर केला आणि फलकाच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “पाच वर्साखालचं लेकरू आमी धरतच न्हाई. नेम हाय त्यो. मालकानं सोता लिवलेला.” त्यांनी आठ खडे एका बाजूला केले, नववा काळा उचलून आत्यांच्या तळहातावर ठेवला. “समदी मावत्यात, आज्जी. कुनीबी भायेर ऱ्हात न्हाई.”

वहीत त्यांनी आकडा लिहिला. मोठ्यानं वाचून मात्र दाखवला नाही. किल्ल्यांबरोबर एक छोटी उशीही दिली. लहान मुलांसाठी ठेवलेली असते म्हणाले, प्रांजलचं वय बसत नसल्यामुळं ती तिला देता येत नाही.

त्या रात्री आत्या आमच्या खोलीत पलंगावर झोपल्या, भिंतीकडं ती छोटी उशी ठेवून. छताकडं बघून झोप लागत नाही म्हणणारी ती बाई सकाळी उन्हं खिडकीत आली तरी उठली नव्हती. मी दोनदा जवळ जाऊन श्वास बघितला. चहा आला, तेव्हा कुठं त्या उठल्या, आंघोळ केली, नवं लुगडं नेसल्या आणि चंची कमरेला बांधून दाराकडं निघाल्या.

निघताना मी खोली नीट बघून घेतली, कुणाचा चार्जर राहिला, कुणाचा टॉवेल. पलंगावरच्या छोट्या उशीवर काळा खडा तसाच होता. मी ओरडले, “आवं आत्या, बायडा राहिली हितं!”

आत्या दारातून वळल्या. ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल की. निजलीया ती.” आणि मला बाहेर घेऊन त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.