गेनूनाना आणि भोवत्यांची बारी

घाट बंद झाले आणि आमच्या घरातला आवाजच गेला. माझे थोरले चुलते गेनूनाना बैलगाडा शर्यतींचे निवेदक होते. यात्रा जुन्नर तालुक्यातली असो की आंबेगावातली, घाटाच्या, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या, माथ्यावर माइक धरून उभे असायचे ते नानाच. गाडामालकाचं नाव, बैलांची नावं, मागच्या साली कुठल्या घाटात कोणाची बारी, म्हणजे धाव, कशी झाली, सगळं तोंडपाठ. मग कोर्टाची बंदी आली आणि नानांचं कामच थांबलं. आमची जमीन म्हणजे माळाच्या कडेचा खडकाळ तुकडा, बाजरीपुरता. आई आणि नानी लोणी गावाच्या बाजूला कांदा काढायला जायच्या, वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे आणि नाना शेळ्या घेऊन माळावर. अँप्लिफायर खताच्या गोणीत गुंडाळून खाटेखाली सरकवला होता. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि एखादी शेळी बाजारात गेल्याशिवाय माझी फी भरली जायची नाही. त्या शेळ्या त्या माळावर जगायच्या. म्हणजे माझं शिक्षणही माळावरच चाललं होतं म्हणा.

नानांना गप्प बसणं जमायचं नाही. माइक नव्हता तर शेळ्यांपुढे निवेदन चालायचं. "काळी पुढं, बांडी मागं, बांडीनं बांध वलांडला, पावणं, बांडीकडं नजर ठेवा." माळावर ऐकायला पावणं कोणी नसायचं. नानी म्हणायची, सरकारनं बैलं थांबवली, ह्यांचं तोंड थांबवायचं तेवढं राहिलं.

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आम्हाला एक काम लावलं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळी सकाळी चालायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि मोबाइलवर नोंदवायचे. देशभर माणसं अशी मोजणी करतात. शिक्षक, बँकेतले, दुकानदार, कोणीही. नोंद वेगळी वाटली तर तपासणारी माणसं फोन करून विचारतात. मी आमचा माळ निवडला. बिबट्याच्या भीतीनं आई एकटीला सोडेना, म्हणून काठी घेऊन नाना सोबत निघाले.

पहिल्याच सकाळी सगळी वाट लागली. गवतातून एक माळटिटवी उठली आणि नानांनी घाटातला आवाज लावला. माळावर जे काही होतं ते सगळं उडून गेलं. मी चिडले. म्हटलं, नाना, पाखरं काय गाडामालक आहेत का, नाव पुकारलं की खूश व्हायला? ते काठी टेकत विहिरीकडे चालू लागले.

पुढच्या महिन्यात मात्र त्यांनी तोड काढली. तोंडावर उपरण्याचं टोक धरून ते कुजबुजत निवेदन करू लागले. आवाज नाही, पण जोर तोच. "धाविक निघाला, धाविक दगडापाशी, थांबला, मान वर, पुन्ना निघाला..." धाविक हा तांबूस डोक्याचा, लांब पायांचा, माळावर तुरुतुरु पळणारा पक्षी. शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, तसा तो आमच्या पुढे पळायचा. नाना म्हणाले, "ही तर घोडीच की राव, आन् एवढी वर्सं आमी शेळ्यांच्या मागनं नुसतं तुडवत गेलो." मी मोबाइलवर आकडा टाकत होते आणि हसू आवरत नव्हतं. नाव चुकायचे ते, आणि मी सुधारायची. पण पहिल्यांदा दिसायचं नेहमी त्यांनाच, कारण घाटातल्या निशाणाकडे टक लावून बघायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती.

हे सुख एकट्यानं भोगणारा माणूस नव्हता तो. त्यांनी घाटातल्या जुन्या ओळखींना फोन लावायला सुरुवात केली. निमगाव सावाचे रामभाऊ, मोठे गाडामालक, बैल गोठ्यात आणि मालक ओट्यावर, अशी गत झालेले. निरगुडसरचे, बारीच्या वेळेला घड्याळ लावणारे दोघे भाऊ. जुन्नरचे इक्बालभाई, जे घाटाला भोंगे भाड्यानं द्यायचे. सगळ्यांची सुट्टीच चालू होती. नाना त्यांना सांगायचे की घाट कोर्टानं बंद केला, माळ केलेला नाही. इक्बालभाईंनी धरणाच्या पाण्यावरची बदकं अंगावर घेतली. त्यांच्या घरी चेष्टा व्हायची की आता दुकानाला पिसं लावा. पण दर महिन्याला त्यांचा फोन यायचा आणि नाना तो स्पीकरवर टाकून सगळ्या घराला बदकं ऐकवायचे. वर्षभरात पाच-सहा गावं मोजू लागली. यात्रेत कशी गर्दी फुलते, तसं होत होतं ते. मॅडम म्हणाल्या, अशी माणसं आम्हाला जाहिरात देऊन मिळाली नसती.

नानांचं एक बोलणं सगळ्यांना पाठ झालं होतं. कोणी आकड्यावरून हुज्जत घातली की ते म्हणायचे, "घड्याळ बोलंल ते खरं, मी नुसता भोंगा." सख्ख्या मेव्हण्याच्या बैलांनासुद्धा त्यांनी कधी अर्धा सेकंद सोडला नव्हता. त्यावरून मेव्हणा दोन वर्षं घरी आला नाही, हे नाना अभिमानानं सांगायचे आणि नानी रागानं.

मग ग्रामसभेत माळाचा विषय आला. सरपंच सुमनवहिनी कामाच्या बाई, गावात पाणी त्यांनी आणलं. त्यांच्या मनात होतं की पडीक माळावर जेसीबीनं ओळीनं खड्डे घ्यायचे आणि झाडं लावायची. संक्रांत झाली की मशीन येणार होती. झाडं लावू नका असं कोण म्हणणार? टाळ्या वाजल्या. नाना उठले आणि म्हणाले की तो माळ पडीक नाही, तिथं गवतात पाखरं राहतात. वाईट इराद्यानं नाही, पण सुमनवहिनींनी सगळ्यांसमक्ष त्यांची फिरकी घेतली. "नाना, घाट बंद हायेत म्हनून पाखरांच्या शर्यती लावल्या का? आन् पाखरांनाच तर झाडं लावतोय आमी."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. झाडावरची पाखरं वेगळी आणि भुईवरची वेगळी, हे मी उठून समजावलं. हिवाळ्यात आमच्या माळावर भोवत्या येतो, फार लांबून. शिकारी पक्षी, पण गवताला पोट घासेल इतका खाली उडतो, दिवसभर टोळ खातो आणि संध्याकाळी झाडावर न बसता उंच गवतात भुईवर उतरतो. गवत गेलं की तो गेला. आणि आमच्या शेळ्याही गेल्या, हे मी बोलले नाही, पण नानी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती ती त्याच काळजीनं. सुमनवहिनींनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "आकडा आना. पुढच्या सभेत ठेवा. आकडा न्हाई तर खड्डे."

नानांना एवढंच पाहिजे होतं. एका रविवारी त्यांनी सगळ्या गावांच्या मोजणाऱ्यांच्या जोड्या आमच्या माळावर बोलावल्या, यात्रेला बोलावतात तशा. माळाचे भाग पाडले, एकेका गावाला एकेक भाग दिला. नानीनं पिठलं-भाकरी केली. सकाळपासून भोवत्या पक्षी गवतावरून फेऱ्या मारत होते, आणि माणसं अशी तल्लीन की रामभाऊंचा चहा गार होऊन गेला. दुपारी आकडे गोळा झाले तेव्हा नाना उठूनच उभे राहिले. एवढे भोवत्या पक्षी! मी काही म्हणायच्या आत ते देवळापाशी पोचले आणि भोंग्यावर आकडा पुकारून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी नोंदी तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. फार सौजन्यानं बोलल्या. एवढ्या माळावर एवढे पक्षी बसत नाहीत, तुम्ही मोजले कसे, असं त्यांनी विचारलं. मी रामभाऊंना विचारलं, तर त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं. "आला की बारी धरली. फिरून आला की दुसरी बारी. तोच बैल सकाळी पळतो आन् फायनलला बी पळतो, मग बारी येगळीच धरत्यात ना?" कोणी खोटं केलं नव्हतं. घाटात आयुष्य काढलेल्या माणसांनी घाटातला हिशोब माळावर लावला होता. एकच भोवत्या समोरून दहादा गेला, तर त्याच्या दहा बाऱ्या.

सभेला दोन दिवस उरले होते. रामभाऊंनी सुचवलं की राहू द्या, गावात कोण मोजायला जातंय, आकडा मोठा आहे तेच बरं. वडिलांनाही ते पटलं. जेसीबी आलाच तर शेळ्या न्यायच्या कुठे, हा प्रश्न होताच. नाना ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना काय सांगावं? नोंद मी रद्द करू शकत होते, पण गावात पुकारलेला आकडा मला रद्द करता येणार नव्हता. तो ज्यानं पुकारला त्यालाच.

चहा पिऊन झाल्यावर ते उठले आणि देवळापाशी गेले. भोंगा सुरू झाला. "गावकरी मंडळी, मी गेनू बोलतोय. काल मी भोवत्यांचा आकडा पुकारला. ती बारी बाद. मोजनारी मान्सं खरी व्हती, मोजायचं कसं ते मी नीट सांगितलं न्हाई. आज सांजच्याला माळावर पुन्ना मोजनार हाय. सरपंचबाईंनी सोता यावं. आन् येताना बोलू नये."

सगळं गाव हसलं असेल त्यांना. पण संध्याकाळी सगळं गाव आलं. नानांनी आणि मी मिळून नवी रीत ठरवली होती. उडताना मोजायचा नाही. गवतात उतरला आणि बसला की मोजायचा, बसलेला एकदाच. सुमनवहिनींना त्यांनी मधोमध बसवलं. सूर्य टेकडीला लागला आणि उत्तरेकडून पहिला भोवत्या आला, पंख वर धरून तरंगत, वळला आणि गवतात नाहीसा झाला. मग दुसरा. मग एकदम चार. एवढी माणसं आणि एक खोकलासुद्धा नाही. नाना सुमनवहिनींच्या शेजारी उकिडवे बसून उपरण्याआडून कुजबुजत होते, आणि मग त्यांनी कुजबुजायचं थांबवलं, कारण वहिनीच बोटांवर मोजायला लागल्या होत्या. "नाना, त्यो बगा, बाभळीच्या खाली. त्यो धरला का?"

"तुमी धरा, वहिनी. आज घड्याळ तुमच्या हातात हाय."

आकडा पहिल्याच्या पाव भागही झाला नाही. तरी तपासणाऱ्या बाई फोनवर आनंदानं किंचाळल्या. आपल्या भागात एका माळावर एवढे भोवत्या पक्षी रात्री उतरतात हे त्यांना माहीत नव्हतं. सभेत तो आकडा नानांनी वाचला नाहीच. सुमनवहिनींनी सांगितला, आणि वर म्हणाल्या, "मी सोता मोजलेत, कुनाला शंका असंल तर आज सांजच्याला चला."

पुढे शर्यती पुन्हा सुरू झाल्या. नाना माइकवर परत गेले, खाटेखालची गोणी रिकामी झाली. पण मोजणीच्या सकाळी यात्रेचं बोलावणं आलं तर ते सरळ सांगायचे की आज दुसरीकडे सुपारी घेतली आहे. सुपारी कसली, फुकटचं चालणं. गेल्या पावसाळ्यात ते गेले. दहाव्याला गाडामालक आले, इक्बालभाई आले, मॅडम आल्या. भाषणं झाली नाहीत. रामभाऊ एवढंच म्हणाले की त्यानं बारी बाद म्हटलं तेव्हा मला राग आला होता, आणि आता त्याच्यासारखा खरा भोंगा होणार नाही.

मी पदवीधर झाले. आता सगळ्या गावांची मोजणी मी सांभाळते. ग्रामपंचायतीनं ठराव करून झाडं शाळेच्या वाटेला आणि ओढ्याच्या काठाला लावली, ती चांगली वाढली आहेत. माळावर एकही खड्डा खणला गेला नाही. दर हिवाळ्यात भोवत्या पक्षी तिथं उतरतात, शेळ्या तिथंच चरतात, आणि ग्रामपंचायत त्या माळाला आता पडीक म्हणत नाही.