निवण्याआधी बांधलेल्या दशम्या

आश्विन सरत आला की म्हसावदच्या शिवारात उमललेल्या कापसाला उन्हाचा एक कोरडा, उबदार वास येतो, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ इतकी स्वच्छ दिसू लागते की घरबसल्या माणसाचे मनही त्या वाटेला लागते. यंदा बेत नातीचा होता. दिवाळीत मैत्रिणींबरोबर अस्तंब्याचा डोंगर चढायचा, वाटेतच मुक्काम करायचा आणि सगळे अन्न पाठीवर न्यायचे. ओसरीभर तिने खजूर, शेंगदाण्याची चटणी, नूडल्सची पाकिटे मांडली होती, आणि एकेक जिन्नस हातावर तोलून ती कशाला जागा द्यायची ते ठरवत होती.

"आजी, नूडल्सला पाणी उकळत बसावं लागेल. तू दशम्या कर ना."

"मन्हा हातन्या टिकतस नही," माझी पत्नी लसूण सोलता सोलता म्हणाली. "मोठी आजीकडथीन लई ये."

मोठी आजी म्हणजे माझी वहिनी. हे उत्तर आमच्या घरात इतके जुने झाले आहे की ते कानावर पडूनही ऐकू येत नसे. त्या दुपारी मला ते ऐकू आले.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी, थोरले भाऊ आणि गावातली मंडळी त्याच डोंगराकडे निघालो होतो. सकाळच्या कोवळ्या उजेडात हिने दूध-गुळात पीठ भिजवून दशम्या केल्या, खाटेवर धुतलेले धोतर अंथरून एकेक सुटी पसरली आणि पूर्ण निवेपर्यंत हात लावू नका, असे बजावून ती विहिरीवर गेली. तळोद्याला जाणारी जीप दारात हॉर्न वाजवत होती. मी त्या गरमच एकावर एक रचल्या आणि प्लास्टिकच्या कागदात घट्ट बांधल्या. दुसऱ्या दिवशी चढणीवर गाठोडे सोडले तेव्हा आंबूस वाफ आली, आणि दशमी मोडताना तिला तार सुटली.

"नवी नवरीना हात शे भो," भाऊ म्हणाले. सारे हसले. उपाशीपोटी मीही हसलो. पुढच्या यात्रेपासून दशम्या वहिनींच्या चुलीवर होऊ लागल्या. कुणी तसे ठरवले नव्हते, आणि हिने कधी विचारले नाही.

हे सारे मी नातीसमोर सांगितले. लसणावरची हिची बोटे थांबली.

"तठेच सांगता उनं नही तुमले?"

"लाज वाटनी."

"तुमनी वाचनी. मन्ही गई."

आवाज चढला नाही. उठून तिने परातीत पीठ घेतले, कोमट दूध ओतले आणि मळता मळता म्हणाली, "भाऊसले फोन लावा. मन्हा समोर."

नातीने फोन लावून, आवाज मोठा करून, परातीशेजारी ठेवला. त्या दशम्या माझ्यामुळे नासल्या होत्या, एवढे मी कसेबसे बोललो. पलीकडे खोकला, मग थकलेले, मोकळे हसू.

"कोनत्या दशम्या रे?"

हसणारे हसून केव्हाच मोकळे झाले होते. सहज फेकलेला तो शब्द आयुष्यभर वागवला तो हिच्या हातांनी. ज्यांच्यासमोर तिचे नाव गेले, त्यांच्यापाशी आता ते परत मागायलाही काही उरले नव्हते.

"त्यासले याद नही," मी हळूच म्हणालो.

"मंग पहिलेथीन सांगा," ती म्हणाली. "समदं."

मी फोन उचलला. सुरुवात जीपच्या हॉर्नपासून करायची की सगळ्यांबरोबर हसलो तिथून, ते मला ठरवता येईना, आणि पलीकडे भाऊ "हॅलो, हॅलो" करत राहिले.