बावीस दिवसांची गैरहजेरी

हेडक्लार्कनं हजेरीपत्रक फिरवून माझ्यापुढं ठेवलं. माझ्या नावापुढं बावीस लाल फुल्या होत्या.

“अप्पा, आजारी होतो. अर्ज पाठवला होता.”

“इथं आला न्हाई.”

“भोकरहून टपालानं पाठवला.”

“तू तिथं टाकलास, इथं पोचला न्हाई. मंग तू आजारी हायस हे मला कळावं कसं? सपनात येऊन सांगितलंस का?”

शेजारचे दोन बाबू हसले. माझे डोळे अजून पिवळे होते आणि ते तिघांनाही दिसत होते.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. मी हातपंप दुरुस्तीच्या पथकात मेकॅनिक. भरती जुन्या जिल्ह्यात झाली, वाटणीत लातूरला आलो. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. बाप दगड फोडायचा. मी वेल्डिंगच्या दुकानात हात भाजून घेत काम शिकलो. कुणाची चिठ्ठी आणून लागलो नव्हतो, हे ऑफिसात पुष्कळांना खटकायचं.

नवा माणूस प्रोबेशनवर असतो. आजारी पडून अर्ज दिला तर ती मेडिकल रजा. अर्ज नसेल तर विनापरवाना गैरहजेरी, आणि तिच्यावरून सेवाखंड लावता येतो. सेवाखंड म्हणजे मागची नोकरी पुसली. त्या वर्षी नव्या जिल्ह्यात कोणाला कायम ठेवायचं याची यादी बनत होती. सेवाखंड लागलेल्याला तीत जागा नव्हती. मी सरळ घरी जाणार होतो.

दुष्काळ होता. ज्या गावचा पंप उघडायचो तिथलंच गढूळ पाणी प्यायचो. कावीळ झाली. भोकरला घरी जाऊन पडलो. डॉक्टरचं सर्टिफिकेट अर्जाला जोडलं आणि भावानं ते टपालात टाकलं. बरा झाल्यावर फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर झालो.

“हे फिटनेस झालं,” अप्पा म्हणाले. “म्हंजे आज तू बरा हायस. आजारी होतास ते कुठाय?”

“डॉक्टर परत लिहून देतील.”

“देतील की. पण अर्ज टायमावर दिलास हे डॉक्टर लिहून देणारेत का? असं कर, चूक झाली, माफी असावी, असं लिहून दे. साहेबांना बोलून बघतो.”

“चूकच केली न्हाई तर माफी कशाची?”

“लई ताठा हाय रे तुला. प्रोबेशनवर एवढा ताठा परवडत न्हाई.”

मी उठलो आणि टपालाच्या टेबलाशी गेलो. तिथं एक बाई बसायच्या. त्यांना विचारलं, बाई, टपाल आलं की तुम्ही काय काय करता ते मला दाखवा. त्यांनी दाखवलं. पाकीट फोडायचं, शिक्का मारायचा, आवक रजिस्टरला नोंद करायची. मग काही पाकिटं न फोडताच त्यांनी बाजूच्या सुतळीच्या गठ्ठ्यात खोचली.

“ही का फोडली न्हाईत?”

“ह्याच्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव हाय, भाऊ. नाव दिसलं की गठ्ठ्यात. दर शनिवारी जीपनं तिकडं जातंय. साहेबांचा लेखी हुकूम हाय.”

मी तिथंच स्टुलावर टेकलो. पाकिटावर मी ऑफिसचं नाव लिहिलं होतं, लातूर लिहिलं होतं, आणि खाली सवयीनं जुना जिल्हा. शाळेपासून ऐकलेली नावं एका सरकारी कागदानं हातातून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जुन्या जिल्ह्याचं ऑफिस गाठलं. तिथले मोठे बाबू मला ओळखत होते. कोपऱ्यात आमचे गठ्ठे धूळ खात पडले होते. एकाचीही सुतळी सोडलेली नव्हती.

“कपाटं तुम्ही नेली,” ते म्हणाले. “टाइपरायटर नेला. बोअर मारायची रिग नेली. माणसं नेली. वर तुमचं टपाल आम्ही फोडायचं?”

“फोडू नका, मामा. माझं पाकीट तेवढं शोधू द्या.”

“बाहेरच्या माणसाला दफ्तराला हात लावता येत न्हाई.”

माझं डोकं तापलं होतं, पण सौद्यात आधी तापणारा हरतो. मी पिशवीतून माझी वही काढली. बोअर दोनशे फूट खोल असतो आणि त्यात पाइप असतो शंभर फूट. पाणी खाली गेलं की पाइप वाढवायचा. पण बोअर किती खोल आहे तेच माहीत नसेल तर पाइप वाढवणार कसा? तिथं असताना मी हात लावलेल्या प्रत्येक पंपाची खोली त्या वहीत होती. वाटणीच्या गडबडीत त्यांचं रजिस्टर कुठं गेलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामांनी दोन पानं उलटली आणि चष्मा पुसला.

“उतरवून घ्या,” मी म्हणालो. “तोवर मी गठ्ठे बघतो.”

माझं पाकीट तिसऱ्या गठ्ठ्यात सापडलं. भोकरचा शिक्का स्पष्ट होता. मागं लातूर पोस्टाचाही होता, आजाराच्या पाचव्या दिवसाचा. मी ते फोडलं नाही. पण शोधताना बाकीची पाकिटं हातातून गेली. बहुतेक सरपंचांची होती, आमच्याच तालुक्यांतल्या गावांची. माझ्यासारखाच त्यांनी जुना जिल्हा लिहिला होता. सरपंच आमच्या ऑफिसाला काय लिहितात, हे फोडून बघायची गरज नव्हती.

“मामा, सगळेच गठ्ठे नेतो. पोच लिहून देतो.”

“घेऊन जा बाबा. उंदरं तरी कमी होतील.”

लातूरला साहेबांच्या टेबलावर मी आधी माझं पाकीट ठेवलं. साहेबांनी ते उलटंपालटं केलं.

“पत्ता चुकलाय तुझा.”

“हो साहेब. पण पाकीट पाचव्या दिवशी तुमच्या ऑफिसात होतं. फोडून बघा.”

त्यांनी फोडलं. अर्ज होता, सर्टिफिकेट होतं.

“ठीक आहे. सेवाखंड लावत नाही. बिनपगारी रजा करून टाकू. विषय संपला.”

“मेडिकल रजा, साहेब. आजारी होतो.”

“तू मला अटी घालतोस?”

मी गठ्ठे आत आणले आणि टेबलाशेजारी ठेवले. एका गठ्ठ्याची सुतळी सोडून वरची चार पाकिटं त्यांच्यापुढं मांडली. साहेब एकेक फोडून वाचत गेले. पंप बंद आहे. पंप बंद आहे, तिसरा अर्ज. पंप बंद आहे, बाया तीन मैलांवरून पाणी आणतात.

“ही कधीची?”

“माझ्या अर्जाच्याही आधीची काही. उद्या कलेक्टरांकडं तुमची पाणीटंचाईची मीटिंग आहे. यांची आवक नोंद करायची की माझ्या अर्जासारखं हेही आलंच नाही म्हणायचं, तेवढं सांगा.”



साहेबांनी पेन उघडलं. मेडिकल रजा बावीस दिवस, मंजूर. गठ्ठ्यांचा हुकूम त्याच दिवशी मागं घेतला आणि आम्ही पुढचा महिनाभर त्या गावांत पाइप वाढवत फिरलो. त्या गठ्ठ्यांपायी ज्या बाया महिनाभर जास्त लांबून पाणी वाहत राहिल्या, त्यांची तहान मी सौद्यात वापरली. साहेबांनी ते ऐकवलंही. मी म्हटलं, ती गठ्ठ्यात मी बांधली नव्हती.

यादीत माझं नाव आलं. पण सेवापुस्तकात अप्पांनी एक ओळ चढवली: शासकीय पत्रव्यवहारात चुकीचा पत्ता लिहिल्याबद्दल ताकीद. साहेबांनी खाली सही केली. ती काढावी म्हणून मी निवृत्त होईपर्यंत सात अर्ज केले. सातही नामंजूर झाले. मात्र सातांच्याही पोचा माझ्याकडं आहेत.