सुगंधाबाईंच्या गटाने घेतलेलं कर्ज

का सांगू बाप्पा, इतकी वर्षं बँकेत काढली, पण देवरीचं नाव निघालं की आजही मान खाली जाते. हसायचं तर हसा, मी अडवत नाही.

मी तिथे शाखेचा मॅनेजर होतो. लोक धानाचे, तेंदूपत्त्याचे पैसे इमानदारीने जमा करत, पण कर्ज मागायला कोणी येईना. शंभर रुपये ठेवीत, तर त्यातले वीसही कर्जात नाहीत. वरून फोन आला, "मार्चपर्यंत कर्जवाटप वाढलं नाही, तर बदली पक्की समजा." इकडे मुर्री गावात माझ्या घराचं बांधकाम अर्धवट, बायकोला सातवा महिना. झोपच उडाली माझी.

धावत गेलो सुगंधाबाईंकडे. त्यांचा बायांचा बचत गट आमच्या शाखेतला सगळ्यात पक्का.

"कर्ज कायले पाहिजे साहेब आमाले?"

"धान मळायचं मशीन घ्या ना."

"माह्या व्याह्याचं हाये. तेच आणतो आमी."

मग काय करता? हातच जोडले. बदलीचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, सांगता सांगता रडूच आलं. मॅनेजर माणूस, गटाच्या चटईवर बसून डोळे पुसून राहिलो होतो!

सुगंधाबाईंनी बायांकडे पाहिलं. "देऊन टाका बाई सह्या."

मशीनच्या नावाने कर्ज गटाच्या खात्यात गेलं. मीटिंगमध्ये माझा सत्कार झाला. 'महिलांना कर्जाकडे कसं वळवावं' यावर मी भाषणही ठोकलं, लाज नाही वाटली. मोठे साहेब इतके खूश, की मशीन पाहायला थेट गावात आले.

"कुठं आहे मशीन?"

सुगंधाबाईंनी पेटीतून कागद काढला. आमच्याच शाखेची मुदत ठेवीची पावती. कर्जाची पूर्ण रक्कम, खाली माझी सही. रोजच्या गठ्ठ्यात न वाचता ठोकलेली.

"हे काऊन केलं बाई?" मी विचारलं.

"तुमीच त सांगत होते, पैसा घरी ठेवू नोका. ठेवीचं व्याज कर्जाच्या व्याजाले जेवढं कमी पडते, तेवढं आमी वर्गणी करून भरून राहिलो."

साहेबांनी गटाचं रजिस्टर मागितलं. 'अडचणीतल्यांना मदत' या पानावर एकीचं बाळंतपण होतं, एकीचं जळालेलं घर होतं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'मॅनेजर साहेब, लय रडत होते.'

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. साहेबांनी रजिस्टर मिटलं.

"तुमची बदली करत नाही," ते म्हणाले. "नाहीतर या बायांची वर्गणी फुकट जायची."