एकच काच दोनदा

मला धक्के फार बसतात, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. भाजीचा भाव ऐकला तरी मी "अगं बाई" म्हणते, हे खरं आहे. पण त्या आठवड्यात मला जे धक्के बसले, ते दगडालाही बसले असते. पहिला धक्का म्हणजे आमच्या ह्यांनी घरात सिनेमाघरासारखा आवाज आणायचं ठरवलं. दिवाणखान्यातला पंखा बदलायचा की नाही, यावर दोन उन्हाळे विचार करणारा हा माणूस! मी कपाळाला हात लावून बघितलं, ताप वगैरे नव्हता.

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, मग काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "ही की ही?" दिवसभर हेच चालतं. घरी आल्यावरही सुटका नाही. उशी ही की ही, चादर ही की ही. नात्यातली सगळी मंडळी ह्यांना 'हीकीही' म्हणतात, आणि ह्यांना ते चालतं.

ह्यांची एक खोडी आहे. मधेच कधीतरी काच काढल्यासारखं करतात आणि तीच परत घालतात. "ही की ही?" गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, "दुसरी! दुसरीने एकदम लख्ख दिसतं." मग हे मनात खूणगाठ बांधतात, की या माणसाचा शब्द जरा पारखून घ्यायचा. मी एकदा म्हटलं, "लोक इतकं खोटं बोलतात?" तर म्हणाले, "खोटं नाही गं. त्यांना दिसायला हवं असतं, म्हणून दिसतं." मी म्हटलं, कमाल आहे तुमच्या गिऱ्हाइकांची.

तर हे यंत्र. आमच्या रस्त्याच्या टोकाला स्पीकर आणि टीव्हीचं दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे आवाजवाला म्हणतात. त्याच्या नाकावरचा चष्माही आमच्याकडचाच. मला वाटलं होतं, जायचं, एक डबा आणि चार स्पीकर उचलायचे आणि घरी यायचं. कसलं काय! आवाजवाल्याने सांगितलं की त्या डब्याला रिसीव्हर म्हणतात. तो आवाज तर सगळ्या स्पीकरना वाटून देतोच, पण चित्रसुद्धा त्याच्यातूनच टीव्हीकडे जातं. जुनं, बारकं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की मधले ठिपके कमी पडतात. ते भरायला आत प्रोसेसर असतो, आणि तो प्रत्येक रिसीव्हरमध्ये वेगळा.

"भरतो म्हणजे? आणतो कुठून?" मी विचारलं.

"अंदाजाने, वहिनी. आजूबाजूचं बघून ठरवतो, इथे काय असेल ते."

मी थक्क झाले. म्हणजे अंदाजपंचे भरलेलं चित्र, आणि त्याचा हा तोरा! पण ह्यांचे डोळे चमकले. निवड करायची म्हटल्यावर ह्यांना अंगात बळ येतं. "तुझ्याकडची झगमगीत चित्रं मला नकोत," हे आवाजवाल्याला म्हणाले. "धडधाकट डोळ्याला कुठलीही काच चालते. काच तपासायची तर अधू डोळ्यावर. मी आमची सगळ्यात खराब कॅसेट आणतो."

सगळ्यात खराब कॅसेट म्हणजे आमच्या दुकानाच्या उद्घाटनाची. माझ्या भावाने काढलेली. त्याचा हात असा हलत होता की बघताना आपल्यालाच बोट लागावी. नंतर कधीतरी आम्ही तिची डिस्क करून घेतली, पण पहिली दोन मिनिटं सोडून बघितली कधीच नाही. त्याला कारण होतं.

त्या दुकानाआधी हे आणि माझे मोठे दीर, म्हणजे ह्यांचे दादा, वडिलांचं चष्म्याचं दुकान मिळून चालवायचे. ह्यांना सगळं नव्या पद्धतीने करायचं होतं, आणि दादांना वडिलांनी घालून दिलेलं काडीभरही बदलायचं नव्हतं. शेवटी हे बाहेर पडले. दादा म्हणाले, "तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही." उद्घाटनाला आलेही नाहीत. तेव्हापासून एका गावात दोन भाऊ, दोघेही लोकांच्या डोळ्यांत बघणारे, पण एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

सासूबाई मात्र शेवटपर्यंत एकच सांगायच्या. "अरे, तो आला होता. समोरच्या फुटपाथवर दिव्याच्या खांबापाशी उभा होता. मी पाहिलं." हे हसायचे. "आई, तुझे डोळे मीच तपासतो. तुला हातभर अंतरावरचा माणूस धड दिसत नाही, रस्त्यापलीकडचा काय दिसणार?" आठवडा गेला, की त्या पुन्हा तेच सांगायच्या.

आवाजवाल्याने तीन रिसीव्हर एकाच टीव्हीला जोडले. रिमोटचं बटण दाबलं की तेच चित्र दुसऱ्या रिसीव्हरमधून यायचं. पहिल्यातून मी पडद्यावर आले आणि खूश झाले. चेहऱ्यावर एक डाग नाही, सुरकुती नाही, गिलावा केलेल्या भिंतीसारखी गुळगुळीत. "हाच घ्या," मी म्हटलं. हे म्हणाले, "खोटारडा आहे. तुझ्या हनुवटीवरचा तीळही पुसलाय त्याने." दुसऱ्यात तीळ परत आला, पण सगळ्यांच्या कानांभोवती पांढरी रेघ उमटली. तिसऱ्यात रेघ नव्हती, तर कडा थरथरत होत्या.

माझ्या भावाने कॅमेरा दुकानाच्या दारात धरला होता. पुढे फीत, तिच्यासमोर खुर्च्यांवर पाहुणे, त्यांच्या मागे रस्ता. मी पडद्यावरची पहिली रांग बघण्यात रमले होते. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ती अडवून बसल्या होत्या. माझा मामा बसायला गेला, तर त्यांनी हाताने त्याला मागे पिटाळलं. मामा आमच्याकडे येताना अजून कुरकुर का करतो, ते मला इतक्या वर्षांनी कळलं आणि मी खो खो हसत सुटले.

"थांबव," हे एकदम म्हणाले. "तिथेच थांबव."

रस्त्यापलीकडे, दिव्याच्या खांबापाशी, कुणीतरी उभं होतं.

माझं हसू जागच्या जागी थिजलं. पांढरा शर्ट, बाकी सगळा धूसर ठिपका. पण माणूस होता, आणि सासूबाई सांगायच्या त्याच जागी होता.

त्यानंतर हे रोज तिथे जायला लागले. आपलं दुकान लवकर बंद करून. रिसीव्हर, स्पीकर, आवाज, सगळं विसरले. त्या एका ठिपक्यासाठी तीन प्रोसेसरची झडती चालली होती. पहिल्यात त्या माणसाला तोंडच नव्हतं. दुसऱ्यात चष्मा दिसायचा, पण मग खांबालाही चष्मा लावल्यासारखं दिसायचं. तिसऱ्यात कधी मिशी यायची, कधी जायची. एकदा घरी जेवताना म्हणाले, "आई खरं बोलत असली तर मी तिला काय काय बोललो!" मी पाणी द्यायच्या निमित्ताने उठले. मला ह्यांचं तोंड बघवेना.

आवाजवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. चोखंदळ गिऱ्हाईक आहे, एवढंच त्याला वाटत होतं. शेवटच्या दिवशी मीही बरोबर होते. त्याने ह्यांना खुर्चीत बसवलं, रिमोट पाठीमागे धरला आणि ह्यांच्याच आवाजाची नक्कल करत विचारलं, "हा की हा?"

हे पुढे वाकले. "परत दाखव."

पडदा क्षणभर काळा झाला आणि चित्र आलं. "हा... की हा?"

"दुसरा!" हे ताडकन उठले. आवाज फाटला होता. "दुसऱ्यात बघ! मान डावीकडे कललेली. दादाच आहे. दादा आला होता गं! आई म्हणत होती!" आणि भर दुकानात माझा हात धरून ढसाढसा रडायला लागले. मीही रडायला लागले. मलाही ती मान दिसली होती, अगदी स्वच्छ.

आवाजवाला हसत होता. "साहेब, पकडलं तुम्हाला! मी बदललंच नाही. एकच रिसीव्हर दोनदा दाखवला. माझे डोळे तपासताना केली होतीत ना, तीच खोडी तुमच्यावर!" मग त्याने आमची तोंडं पाहिली आणि त्याचं हसू मावळलं. "काय झालं? काही चुकलं का माझं?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली, दुसरं काय सांगू? मी पडद्याकडे पाहिलं. तिथे पांढरा शर्ट होता आणि बाकी सगळा ठिपका. मान नव्हती, मिशी नव्हती, काही नव्हतं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग चपला घालून चालायला लागले. घराकडे नाही. मी मागून धापा टाकत गेले, आणि हे कुठल्या दुकानाशी थांबले ते पाहून मला पुन्हा धक्का बसला.

दादा आत काच पुसत बसले होते. केस पार पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी ये म्हणालं नाही, की जा म्हणालं नाही. हे सरळ मागच्या खोलीत जाऊन तपासणीच्या खुर्चीत बसले. दादा मला काही न विचारता त्यांच्या मागे गेले, आणि हाताला सवय म्हणून की काय, त्यांनी ह्यांचा चष्मा उतरवून नाकावर चौकट चढवली.

"वाच," समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट दाखवून दादा म्हणाले.

"दादा, त्या दिवशी तू आला होतास का? समोरच्या खांबापाशी?"

दादांनी हातातली काच परत पेटीत ठेवली. "नाही," ते म्हणाले. "इथेच बसलो होतो. कडी लावून."

ह्यांनी मान खाली घातली. "आई म्हणायची..."

"आई मलाही म्हणायची," दादा म्हणाले. "तू पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली होतीस म्हणे. कुणाला बसू दिलं नाहीस. मी म्हणायचो, आई, तो कसला ठेवतोय!" मग हळूच विचारलं, "ठेवली होतीस का रे?"

आमचे हे खोटं बोलत नाहीत. तेवढ्यापुरतं बोलावं, असं मला मनापासून वाटलं. पण हे म्हणाले, "नाही दादा. नव्हती ठेवली."

"होती!" मी ओरडले.

दोघेही दचकले. माझं मलाच कळत नव्हतं मी काय बोलतेय. "होती दादा! आईंनी ठेवली होती. पर्स ठेवून अडवली होती, माझ्या मामालाही बसू दिलं नाही. सगळं आहे त्यात. अगदी पुढे आहे, त्याला कसलं यंत्र लागत नाही." काखेत कळसा आणि गावाला वळसा! आठवडाभर आम्ही रस्त्यापलीकडचा ठिपका कोरत बसलो होतो, आणि ती खुर्ची समोर ढळढळीत दिसत होती. मी तर तिला हसले होते.

ह्यांनी चौकट काढायला हात वर केला, पण तो हात डोळ्यांवरच राहिला. दादांनी दुकानाला कुलूप लावलं आणि ते आमच्याबरोबर निघाले.

रिसीव्हर आम्ही अजून घेतलेला नाही. त्या संध्याकाळी घरच्या जुन्या टीव्हीवर डिस्क लावली. दोघे भाऊ शेजारी बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. पडद्यावर सगळे पाहुणे फितीकडे बघत होते. सासूबाई तेवढ्या मान वळवून मागे, रस्त्याकडे बघत होत्या.

"कुठे बघतेय ती?" दादांनी विचारलं.

"खांबाकडे."

"तिला दिसायचं तिथलं?"

"नाही," हे म्हणाले. "डोळे मीच तपासले होते. तिथलं तिला काहीच दिसत नव्हतं."

फीत कापली गेली. सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांचा एक हात अजून त्या खुर्चीवर होता. चित्र संपलं तेव्हा दादांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं.